वाडीवरच्या शाळेत गाणं आणि चित्रं : कोकणात नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चित्रकलेचा किंवा संगीताचा वेगळा शिक्षक नसतो, आणि तो येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर आत्ता पहिलीत असलेलं मूल पाचवी पास होऊन निघून जाईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढंच. कोकणात डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांमुळे कितीतरी शाळांचा पट विसाच्याही आत आहे. तिथे दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. पोषण आहार बघतात, माहिती भरून पाठवतात, मध्येच सभेला जातात. कला हा विषय मात्र पहिलीपासून वेळापत्रकात असतो. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तकही आहे, आणि कला, कार्यानुभव, आरोग्य व शारीरिक शिक्षण हे तिन्ही विषय त्यात एकत्र आहेत. तासिका आहे, पुस्तक आहे, ती तासिका घेणारे हात कमी पडतात.

गावात परतलेले चाकरमानी, भजनाचे बुवा, कला महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले तरुण, आणि नव्याने रुजू झालेले शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दर आठवड्याला न चुकता होणारी एक तासिका, वर्गातलं प्रत्येक मूल तिच्यात सामील, आणि तुम्ही नसताना शाळेतल्या बाई किंवा गुरुजी ती पुढे चालवू शकतील अशी तिची आखणी. या तीन गोष्टी जमल्या तर बाकीचं हळूहळू जमतं. स्नेहसंमेलनाचा नाच बसवून देणं म्हणजे कला शिक्षण नव्हे. त्यात चार-सहा चुणचुणीत मुलं पुढे येतात, उरलेली मागे टाळ्या वाजवतात.

पहिली पायरी : शाळेत जाऊन बसा

काहीही शिकवायला जाण्याआधी सकाळच्या परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एखादा दिवस शाळेत काढा. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना, समूहगीत हे सगळं रोज होतंच. म्हणजे संगीत शाळेत आधीपासून आहे, ते नीट ऐका. पट्टी मुलांना झेपते का? शब्द स्पष्ट येतात का? सुरुवात कोण करतं? कोपऱ्यातली कोणती मुलं नुसते ओठ हलवतात? भिंतीवर मुलांची चित्रं आहेत की विकत आणलेले तक्ते आहेत, तेही बघा. वर्ग एकत्र बसतात का, मधल्या सुट्टीनंतर मुलं पेंगतात का, एसटीने येणारं कोणी लवकर निघतं का, हे कळल्याशिवाय तासिकेची वेळ ठरवू नका. एकत्र बसणाऱ्या बहुवर्गीय शाळेत गाणं सगळ्यांना एकदम घेता येतं. चित्रासाठी मात्र पहिली-दुसरी वेगळी आणि तिसरी ते पाचवी वेगळी अशी दोन कामं तयार ठेवावी लागतात.

बाई-गुरुजींशी बोलताना एक पथ्य पाळा. ‘तुमच्याकडे कला होत नाही’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गाता येतं, रांगोळी येते, वारली येते, फक्त वेळ मिळत नाही. त्यांचा एक तास तुम्ही हलका करणार आहात, हे त्यांना पटलं पाहिजे.

दुसरी पायरी : परवानगी आणि कागद

हे थोडक्यात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. कोण आहात, काय घेणार, कोणत्या वारी, किती वेळ, आणि मुलांकडून एक रुपयाही घेणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे जातो. या समितीत कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात, तेव्हा सभेला स्वतः हजर राहा आणि आयांशी बोला. समितीचा ठराव झाला की प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून अर्जाला जोडा, कोणी मागितला नाही तरी जोडा. तासिकेच्या वेळी वर्गात शाळेचे शिक्षक हजर असलेच पाहिजेत. यात मुलांची सुरक्षितता आहे आणि शिक्षकांचं शिकणंही आहे. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ पालकांच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नका.

तिसरी पायरी : गावात काय आहे ते शोधा

कोकणात कलेला बाहेरून आणायची गरज फार कमी पडते. ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी असते, तिला आत बोलवायचं असतं.

सिंधुदुर्गात असाल तर दशावतार. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की मुलं रात्रभर नाटक बघतात आणि सकाळी वर्गात संकासुराची नक्कल करतात. त्या नकलेला तासिकेत जागा द्या. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट आख्यानाचा धागा धरून रंगमंचावर बोलत जातो. चौथीच्या मुलांना एक प्रसंग सांगा, दोघांना राजा आणि दूत करा, आणि बोलू द्या. मालवणीत बोलली तर मालवणीतच बोलू द्या. वाचनात अडखळणारं मूल इथे घडाघडा बोलतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि त्यानंतर त्या मुलाकडे बघण्याची शिक्षकांची नजर बदलते. जवळपास एखाद्या कंपनीतले नट राहत असतील तर त्यांना दुपारी बोलवा. पायपेटी, मृदंग आणि झांज यांची साथ कशी चालते, रंग कसा लावतात, मुकुट किती जड असतो, हे मुलांना हात लावून कळू दे.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांची पोथी असते आणि एकेक चित्र समोर धरून गात-सांगत कथा पुढे नेतात. शाळेसाठी यापेक्षा सोयीचा प्रकार मला माहीत नाही. पाठ्यपुस्तकातल्या एका गोष्टीचे आठ प्रसंग पाडा, दोन-दोन मुलांना एकेक प्रसंग द्या, चित्रं झाली की सगळ्यांनी मिळून ती क्रमाने सांगायची. भाषा, चित्र, गाणं, तिन्ही एका कामात येतात.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, गणितालाही उपयोगी पडते. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० गोल पत्ते असतात. प्रत्येक अवतारात राजा, वजीर आणि एक ते दहा अंकांची पानं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे गोल कापा, मत्स्यासाठी मासे, कूर्मासाठी कासवं असं पहिलीच्या मुलांना एक ते दहा काढू द्या. संख्याज्ञान आपोआप पक्कं होतं. अवतारांऐवजी गावातले मासे, झाडं, पक्षी घेतले तरी चालतं, आणि मिश्र वस्तीच्या गावात तेच बरं.

रत्नागिरी जिल्ह्यात नमन-खेळे आणि जाखडी या लोककला आहेत. जाखडीत शाहीर आणि वादक मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात. मुलांचा गोल करायचा असेल तर हा नमुना तयारच आहे, पावलांचा ठेकाही घरच्या घरी ऐकलेला असतो. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब तर प्रश्नमंजूषेसारखे वापरता येतात, एका गटाने गाण्यात प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याने चालीतच उत्तर द्यायचं. रायगडात पेणला गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत, मातीकामाची सहल तिथे न्यावी. पालघरला डहाणू-तलासरीच्या बाजूला वारली चित्रं आणि तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे. एक विनंती मात्र करतो. वारली म्हणजे त्रिकोणांची माणसं एवढंच शिकवू नका. ती चित्रं लग्नाच्या चौकात, भाताच्या पिठाने, सुवासिनींच्या हातून निघत आली आहेत. वारली पाड्यावरची एखादी आजी शाळेत येऊन बसली तर मुलांना त्यातलं खरं काय ते कळेल, आणि त्या पाड्यावरच्या मुलांची मान ताठ होईल.

आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी जांभ्यात कोरलेले प्राणी, माणसं, चौकटी आहेत. कशेळीचा हत्ती, उक्षीचा हत्ती, देवाचे गोठणे इथली मानवाकृती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातल्या या शिल्पांचा समावेश झाला. थंडीच्या दिवसांत, सकाळच्या तिरप्या उन्हात मुलांना सड्यावर न्या, कारण उभ्या उन्हात कोरीव रेषा नीट दिसत नाही. शिल्पावर पाय द्यायचा नाही, खडूने रेघा भरायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही, हे आधी शाळेतच ठरवून घ्या. परतल्यावर शाळेच्या मैदानात काठीने तोच हत्ती खऱ्या मापाचा काढायचा. कागदावर टीचभर चित्र काढण्याची सवय झालेली मुलं संपूर्ण अंगाने चित्र काढायला लागतात, दोरीने माप घेतात, भांडतात, पुसतात, पुन्हा काढतात. मला विचाराल तर कोकणातल्या शाळेत वर्षातून एकच कला-उपक्रम घ्यायचा झाला, तर हाच घ्यावा.

वस्तीचाही विचार हवा. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत मुस्लिम कुटुंबं आहेत, बौद्धवाडी आहे, कोळीवाडा आहे. फक्त भजनं घेतली तर काही मुलं गप्प बसतील. पावसाची, भातलावणीची, होडीची, झोपाळ्याची गाणी सगळ्यांची असतात. घरोघरच्या आज्यांकडून ती गोळा करणं हाच पाचवीचा एक उपक्रम होऊ शकतो. मृदंग मुलींच्या हातात द्या आणि फुगडीत मुलगेही घ्या. पहिल्या दिवशी हसतात, पुढे कोणी हसत नाही.

चौथी पायरी : गाण्याची तासिका

तीस-पस्तीस मिनिटं मिळतात असं धरा. पहिली पाच मिनिटं श्वास आणि अंग मोकळं करण्यात जावी. लाटेचा आवाज काढणं, वाऱ्याची शीळ, होडी वल्हवताना येणारा हुंकार. मग दहा मिनिटं ताल, दहा-पंधरा मिनिटं गाणं, आणि शेवटी ऐकणं.

तालाची सुरुवात टाळीने. दादऱ्याच्या सहा मात्रा, केरव्याच्या आठ. ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणत मुलांना चालवा, पहिल्या ‘धा’ला पाय जोरात. हे जमलं की एका गटाने सहा मात्रा चालायच्या, दुसऱ्याने फक्त ‘धा’वर टाळी द्यायची. केरव्याचे ‘धा गे ना ती, ना क धी ना’ दोन तासिकांनी. बोल आधी तोंडात बसू देत, वाद्य नंतर. करवंट्या एकमेकींवर आपटून किंवा बांबूच्या दोन तुकड्यांवर ताल धरता येतो, त्यामुळे ‘वाद्यं नाहीत’ ही अडचण पहिल्या सहा महिन्यांत येतच नाही.

गाण्यात सगळ्यात जास्त चुकते ती पट्टी. मोठी माणसं आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात आणि मुलं एक तर तळाशी पुटपुटतात नाही तर वरच्या सुरात ओरडतात. उलटं करा. मुलांना काहीही साथ न देता गायला सांगा, ती स्वतःहून जिथे सूर धरतात तो पेटीवर शोधा, आणि तीच पट्टी ठेवा. सगळ्यात खालचा सूर ऐकू आला पाहिजे आणि सगळ्यात वरच्या सुराला मानेच्या शिरा ताणल्या जाऊ नयेत, एवढी खूण पुरे. ‘मोठ्याने म्हणा’ असं सांगणं कटाक्षाने टाळा. मोठ्याने म्हटलं की सूर सुटतो.

नवीन गाणं एका ओळीने चढवा. तुम्ही एकदा म्हणा, मुलांनी फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा म्हणा, त्यांनी ताल धरायचा. तिसऱ्यांदा त्यांनी म्हणायचं, तुम्ही गप्प. तुम्ही सोबत गात राहिलात तर ती तुमच्या आवाजावर टेकून राहतात. पाठ्यपुस्तकातल्या कवितांपासून सुरुवात केली तर शिक्षकांचाही पाठ पूर्ण होतो.

एखादं मूल बेसूर गातं म्हणून त्याला ‘तू नुसता ताल धर’ असं कधीही म्हणू नका. या वयात बहुतेकांचा सूर सरावाने लागतो. त्याला सुरात गाणाऱ्या दोघांच्या मध्ये बसवा, कानावर पडेल तसं ते सुधारतं. गावातले बुवा किंवा पेटीमास्तर येणार असतील तर हे त्यांना आधी समजावून ठेवा. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, सवय असलेल्या माणसाला चांगला गळा लगेच हेरायची घाई असते.

मृग लागला की पत्र्याच्या छपरावर पाऊस असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी गाण्याचा हट्ट नको. पाऊस हळू झाला, वाढला, थांबला, तसतशी बोटांनी बाकावर साथ करायची. लय वाढवणं आणि उतरवणं मुलांना याहून सोप्या रीतीने शिकवता येत नाही.

पाचवी पायरी : चित्र आणि हातकाम

फळ्यावर डोंगर, सूर्य, नारळाचं झाड काढून ‘हे बघून काढा’ म्हणणं बंद करावं लागेल. समुद्र दारात असणारी मुलंही चित्रात दोन त्रिकोणी डोंगरांमधला अर्धा सूर्य काढतात, कारण तेच गिरवून घेतलेलं असतं. त्याऐवजी वस्तू समोर ठेवा. एक बांगडा, एक शिंपला, जांभ्याचा तुकडा, फणसाचं पान. दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि बोलायचं. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे सरळ आहेत का? पोट कुठल्या रंगाचं? मग काढायचं. खोडरबर दिला नाही तर रेघ धीट होते.

रंगांसाठी दुकान गाठायची घाई नको. गेरू, कोळसा, खडूची पूड, हळद, आमसुलाचं पाणी, चाळलेली लाल माती, आणि चिकटपणासाठी डिंकाचं पाणी. हळदीच्या रंगावर साबणाचं पाणी लावलं की तो लाल होतो, हे बघून मुलं थक्क होतात आणि विज्ञानाचा धडा सुरू होतो. ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाला ठेचून घ्या, जाड रेघांसाठी नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, तुकडा. चुन्याची निवळी मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेली तर इजा होते. काजूच्या बियांची टरफलंही कामात घेऊ नका, त्यातल्या तेलाने कातडी भाजते. पोफळीच्या गळलेल्या पानाचा रुंद देठ सपाट वाळवला तर त्यावर मुखवटे छान होतात.

चित्राला ‘छान’ किंवा ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘हे काय चाललंय इथे?’ मूल सांगायला लागलं की ते वाक्य शिक्षकांनी चित्राखाली लिहावं. पहिलीतल्या मुलाचं ते पहिलं लेखन असतं. प्रत्येकाचं एक चित्र भिंतीवर लागलंच पाहिजे, निवडक नकोत.

सामान आणि दमट हवा

पेटी मिळाली तर उत्तम, पण किनाऱ्यावर खारी हवा पितळेच्या सुरांना खाते आणि पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. ती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, कापडात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवा, आणि रोज थोडी तरी वाजवा. कपाटात बंद पडून राहिलेली पेटी सगळ्यात आधी बिघडते. ढोलकी घ्यायची तर नट-बोल्टची घ्या, श्रावणात पान सैल पडलं तर मुख्याध्यापकसुद्धा पान्याने ताणू शकतात. चामडं चुलीजवळ किंवा कडक उन्हात तापवू नका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सुक्या जागी, नाही तर बुरशी लागते. पैशांची सोय शाळेचं वार्षिक अनुदान, ग्रामपंचायत, मुंबईतलं गावचं मंडळ यांतून होते. मंडळाकडे जाताना रोख रक्कम मागण्यापेक्षा वस्तूंची यादी द्या. साउंड सिस्टिम कोणी देऊ केली तर नम्रपणे सांगा की आधी ढोलकी आणि कागद हवेत.

वर्ष कसं लावावं

जून-जुलैत ताल, पावसाची आणि भातलावणीची गाणी. गणपतीआधी मातीकाम, पण रंगवण्यासाठी घाई नको, त्या हवेत माती सावकाश वाळते. गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं भजनं, फुगड्या, आरत्यांच्या चाली घेऊन येतात, त्या ऐका आणि वहीत टिपा. भात कापणी झाली की सड्यावरची सहल आणि चित्रकथी. जत्रांच्या काळात नाट्य. स्नेहसंमेलन येतंच, तिथे वर्षभर केलेलंच मांडा, नवीन काही बसवू नका. शिमग्याच्या आठवड्यात हजेरी कमी असते, नवा पाठ सुरू करू नये. पालखी जिथे नाचते तिथे ढोल कसा वाजतो ते ऐकून यायला सांगावं.

नोंद आणि बदली

कला विषयाला लेखी परीक्षा नाही, मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभराच्या कामावरून, असतं. म्हणजे शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या नोंदी लिहाव्या लागतात, आणि कंटाळून सगळ्यांना ‘आवडीने सहभाग घेतो’ असं लिहिलं जातं. इथे तुम्ही खरी मदत करू शकता. तासिकेनंतर दोन-तीन मुलांबद्दल एकेक ठोस वाक्य लिहून द्या. ‘केरव्यात पहिली मात्रा बरोबर धरते, गाताना अजून लाजते.’ ‘माशाचे कल्ले निरखून काढले.’ विसाचा पट असेल तर दोनेक महिन्यांत सगळी मुलं होतात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची बदली होते, तुमचंही गावातलं राहणं बदलू शकतं. म्हणून पहिल्या दिवसापासून शाळेत एक वही ठेवा. गाण्यांचे शब्द, पट्टी, ताल, कोणी शिकवलं त्या आजीचं किंवा बुवांचं नाव, चित्राचं काम कसं दिलं, काय फसलं, मृदंगमणी, म्हणजे मृदंग वाजवणारे, कोणत्या वारी मोकळे असतात. चाली विसरू नयेत म्हणून त्या मुलांच्याच आवाजात शाळेच्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. सहा महिन्यांनंतर दर तिसरी तासिका शिक्षकांनी घ्यावी आणि तुम्ही मागे बसावं, वर्ष संपताना दर दुसरी. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होते, तिथे ती वही बाईंना किंवा गुरुजींनाच मांडू द्या. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी तिथेच झेरॉक्स मागितली, तर पुढच्या जूनमध्ये तुम्हाला दोन शाळांचं वेळापत्रक लावायचं आहे.